दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला दुधाऐवजी काय द्यायचं? वयानुसार निवड, लेबल आणि कॅल्शियमचा हिशोब

मुलाला दुधाची ॲलर्जी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच दिवशी सल्ल्यांची रांग लागते. आजी म्हणते शेळीचं दूध द्या. शेजारी ए-टू दुधाचा पत्ता देतात. मेडिकलवाला लॅक्टोज-फ्रीचा डबा पुढे करतो आणि मोबाइलवर बदामाच्या दुधाच्या जाहिराती सुरू होतात. यातले पहिले तीन पर्याय सरळसरळ चुकीचे आहेत. चौथा चुकीचा नाही, पण दुधाची जागा घेण्याइतकं त्यात काही नसतं.

योग्य पर्याय मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: मुलाचं वय आणि ॲलर्जीचा प्रकार. त्यामुळे दुकानात जाण्याआधी पहिल्या तीन पायऱ्या पार पाडा.

१. ॲलर्जीच आहे ना, हे पक्कं करा

दुधाची ॲलर्जी ही दुधातल्या प्रथिनांची असते. ही प्रथिनं दोन गटांत मोडतात. केसीन साधारण ८० टक्के आणि व्हे २० टक्के. लॅक्टोज न पचणं ही पूर्ण वेगळी भानगड आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचली नाही तर पोट फुगतं, आंबट वासाचे पातळ जुलाब होतात, पण अंगावर गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत, शी मधून रक्त जात नाही. लहान बाळांमध्ये लॅक्टोजचा त्रास बहुतेक वेळा मोठ्या जुलाबानंतर तात्पुरता होतो आणि थोड्या आठवड्यांत जातो. या दोन गोष्टींची गल्लत हे चुकीचा डबा घरी येण्याचं पहिलं कारण आहे.

ॲलर्जीचे प्रकारही दोन:

*लगेच होणारी.* दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटं ते दोन तासांत गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला, घरघर. यात त्वचेवरची चाचणी किंवा रक्तातली दुधासाठीची विशिष्ट आयजीई (लगेचची ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) तपासणी उपयोगी पडते. पण नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून ॲलर्जी ठरत नाही. मूल दूध पिऊन मजेत असेल तर त्या कागदावरून दूध बंद करू नका.

*उशिरा होणारी.* काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी: शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखा चिकट पदार्थ, सतत जुलाब, वारंवार उलट्या, न जाणारा एक्झिमा (कोरडी, खाजरी, लालसर त्वचा), वजन न वाढणं. यात आयजीईच्या चाचण्या निगेटिव्ह येतात, कारण ती यंत्रणाच यात नसते. निदानाची रीत एकच: दूध २ ते ४ आठवडे पूर्ण बंद करायचं, त्रास थांबतो का पाहायचं आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा देऊन त्रास परत येतो का ते बघायचं. पालक हा दुसरा भाग गाळतात. मूल बरं झालेलं असताना पुन्हा दूध द्यायला मन धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण तो आपोआप बरा होणारा त्रास असेल तर मूल विनाकारण वर्षभर दुधावाचून राहतं.

शंभर-दोनशे पदार्थांच्या ‘फूड इनटॉलरन्स’ पॅनेलवर पैसे घालवू नका. त्यात आयजीजी हे वेगळंच प्रतिपिंड मोजतात. एखादा पदार्थ आपण खातो एवढंच त्यातून कळतं. केसांच्या नमुन्यावरून ॲलर्जी सांगणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा.

२. धोक्याची खूण ओळखा

श्वास लागणं, आवाज घोगरा होणं, मूल एकदम मलूल किंवा पांढरंफटक पडणं, अंगावर गांधी येऊन सोबत सतत उलट्या होणं. असं काही झालं तर १०८ ला फोन करा आणि मुलाला आडवं ठेवा. उलट्या होत असतील तर कुशीवर, श्वास लागत असेल तर अर्धवट बसवून. उभं करून चालवत नेऊ नका. यावरचं औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ॲलर्जीचं सिरप त्याची जागा घेत नाही. त्याने खाज थांबते, बंद होणारा श्वास सुरू होत नाही. तयार पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. असा झटका एकदा येऊन गेला असेल तर घरी काय ठेवायचं, मुलाच्या वजनाला डोस किती आणि तो कसा द्यायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, हाताने करून दाखवायला सांगा.

आणखी एक प्रकार असतो: दूध पोटात गेल्यावर एक ते चार तासांनी मूल एकामागोमाग एक उलट्या करतं आणि गळून जातं, अंगावर मात्र एकही गांध नसते. बहुतेकदा हे ‘पोटाचं इन्फेक्शन’ म्हणून सुटून जातं. दोनदा तसं झालं आणि दोन्ही वेळा आधी दूध होतं, तर ते आवर्जून सांगा.

३. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

- एका आठवड्याची नोंदवही: काय खाल्लं-प्यालं, किती, किती वाजता, त्रास किती वाजता. घड्याळाची वेळ महत्त्वाची, ‘थोड्या वेळाने’ असं लिहू नका.
- गांधींचे आणि शीचे फोटो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी मावळलेल्या असतात.
- आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक फॉर्म्युल्याच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो.
- लसीकरण कार्ड आणि जन्मापासूनची वजनं-उंची. पर्याय पुरेसा आहे की नाही, हे शेवटी वजनाच्या आलेखावरच कळतं.
- चालू औषधांची यादी. त्वचेवरची चाचणी करायची असेल तर ॲलर्जीचं सिरप काही दिवस आधी थांबवावं लागतं. किती दिवस, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.
- अंगावर पाजत असाल तर आईच्या आठवडाभराच्या जेवणाची यादी.

बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. शीतून रक्त, वजन न वाढणं असेल तर मुलांच्या पोटविकारांचे तज्ज्ञ गाठा. त्यासोबत आहारतज्ज्ञ मिळाला तर पुढचा हिशोब सोपा जातो.

४. हे पर्याय आधीच खोडा

शेळी, मेंढी, म्हैस. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईचं दूध न चालणाऱ्या दहापैकी नऊहून जास्त मुलांना शेळीचंही चालत नाही. म्हशीच्या दुधाची तीच गत. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट फार कमी असतं, त्यामुळे निव्वळ त्यावर वाढणाऱ्या बाळाला रक्तक्षय होतो. गांधीजी शेळीचं दूध पीत, हा काही वैद्यकीय पुरावा नाही.

ए-टू दूध. ए-वन आणि ए-टू यांच्यातला फरक बीटा-केसीनच्या साखळीतल्या ६७ व्या जागेवरच्या एका अमिनो ॲसिडचा. बाकी सगळं केसीन आणि व्हे जसंच्या तसं. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी गीर गाय आणि जर्सी गाय सारखीच.

लॅक्टोज-फ्री दूध आणि फॉर्म्युला. साखर काढली, प्रथिनं तशीच. जुलाबासाठी म्हणून विकले जाणारे काही लॅक्टोज-फ्री डबे तर केसीनपासूनच बनवलेले असतात.

‘एचए’, ‘कम्फर्ट’ वगैरे लिहिलेले फॉर्म्युले. यातली प्रथिनं अर्धवट तोडलेली असतात. तुकडे अजून इतके मोठे असतात की शरीर ते ओळखतं. ॲलर्जी झालेल्या मुलासाठी ते नाहीत.

उकळून आटवलेलं दूध, दही, ताक. उकळल्याने व्हेमधली काही प्रथिनं बदलतात, केसीनला मात्र उकळीचं फारसं काही वाटत नाही. दह्यातही केसीन असतंच.

गाढविणीचं दूध. गल्लीत गाढवीण घेऊन येणारे आणि चमचाभर दूध विकणारे अजून दिसतात. गंमत अशी की या यादीत गाईच्या दुधापासून सगळ्यात दूरचं दूध हेच. पण त्यात स्निग्धांश जेमतेम एक टक्का आणि रस्त्यावर मिळतं ते कच्चं, न उकळलेलं. त्यावर बाळ वाढवता येत नाही.

५. एक वर्षाच्या आतलं बाळ

या वयात पर्याय मोजके आहेत आणि बाजारातलं एकही वनस्पतीजन्य ‘दूध’ त्यात बसत नाही. बदाम, ओट, नारळ, तांदूळ, घरचं सोया, नाचणीचं पातळ सत्व, यांतलं काहीही पहिल्या वर्षात मुख्य दूध म्हणून देऊ नका. सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्यात थोडं वापरायला हरकत नाही.

आईचं दूध चालू असेल तर ते चालूच ठेवा. बहुतेक बाळांना आईने दूध खाल्लेलं बाधत नाही. बाधत असेल तरच आईने दूध बंद करायचं, तेही २ ते ४ आठवडे करून पाहायचं. बाळंतिणीच्या खाण्यात दूध-तूप ठासून भरलेलं असतं, त्यामुळे घरात आधी बोलून घ्या. अळिवाची खीर बंद, पण ओलं खोबरं-गुळातले अळिवाचे लाडू तुपाशिवाय उत्तम होतात. डिंक तेलात तळता येतो. आईला रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, ते गोळीतून घ्या, ड जीवनसत्त्वासह. चार आठवडे काटेकोर पाळूनही फरक पडला नाही, तर आईने परत नेहमीसारखं जेवावं.

फॉर्म्युला लागणार असेल तर निवडीचा क्रम असा:

पहिला: पूर्ण तोडलेल्या प्रथिनांचा फॉर्म्युला. डब्यावर ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ असे शब्द शोधा. नुसतं ‘हायड्रोलाइज्ड’ किंवा ‘पार्शली’ चालणार नाही. यात लॅक्टोज असेल तर घाबरू नका, ॲलर्जी लॅक्टोजची नाही.

दुसरा: अमिनो ॲसिड फॉर्म्युला. गंभीर झटका येऊन गेलेल्या, वजन थांबलेल्या किंवा पहिल्या प्रकारावरही त्रास होणाऱ्या बाळांसाठी. दहापैकी साधारण एका बाळाला पहिला प्रकार चालत नाही.

तिसरा: सोया फॉर्म्युला. सहा महिन्यांनंतर आणि सोया चालतं याची खात्री झाल्यावर. दुधाची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना सोयाही बाधतं, उशिरा होणाऱ्या प्रकारात जास्तच. खर्चाचा विचार करता आपल्याकडे पुष्कळ घरं इथेच येऊन थांबतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यात गैर काही नाही. सोया फॉर्म्युला आणि टेट्रापॅकमधलं सोया ड्रिंक या मात्र दोन वेगळ्या वस्तू आहेत.

खर्चाचा अंदाज आधी बांधा. सहा किलोच्या, फक्त फॉर्म्युल्यावर असलेल्या बाळाला किलोमागे १५० मिली धरून दिवसाला ९०० मिली लागतं. ४०० ग्रॅमच्या डब्यात साधारण तीन लिटर होतं. म्हणजे एक डबा तीन दिवस आणि वर थोडं, महिन्याला नऊ-दहा डबे. हे डबे नेहमीच्या फॉर्म्युल्याच्या कित्येक पट महाग असतात आणि लहान गावात मागवावे लागतात. त्यामुळे दोन डबे कायम शिलकीत असू द्या. पण पहिल्यांदा मात्र एकच डबा घ्या, आवडेल-चालेल याची खात्री नसते. पैसे वाचवायला पाणी वाढवून पातळ करणं सगळ्यात घातक. मापाचा चमचाही डब्यागणिक बदलतो: कुठे एका चमच्याला ३० मिली पाणी, कुठे ६०. जुन्या डब्यातला चमचा नव्यात वापरू नका.

पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर मिसळा आणि मग बाटली वाहत्या पाण्याखाली धरून कोमट करा. ज्या डब्यात उपयुक्त जिवाणू घातलेले असतात त्यावर कमी तापमान लिहिलेलं असतं, तिथे डब्यावरचं ऐका. दोन तासांत संपवा, उरलेलं ओतून द्या.

६. एक वर्षानंतर: डब्यावरचे चार आकडे

आता वनस्पतीजन्य पेयं मुख्य दूध म्हणून चालू शकतात, पण ती दुकानातल्या दुधाच्या मांडणीत ‘दूध’ या नावाने सापडतीलच असं नाही. एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमांनुसार ‘मिल्क’ हा शब्द जनावराच्या दुधासाठी राखीव आहे. ‘सोया ड्रिंक’, ‘आल्मंड बेव्हरेज’ अशी नावं शोधा.

डबा उलटा करा आणि १०० मिलीमागचे चार आकडे बघा:

- प्रथिनं: ३ ग्रॅम किंवा जास्त
- कॅल्शियम: १२० मिलिग्रॅमच्या आसपास
- ड जीवनसत्त्व आणि बी-१२: दोन्ही घातलेलं
- साखर: वेगळी घातलेली नसावी

गाईच्या दुधात १०० मिलीमागे साधारण ३.२ ग्रॅम प्रथिनं आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून हे आकडे. आता तुलना करा. सोया ३ ते ३.५ ग्रॅम, वाटाण्याच्या प्रथिनांचं पेय साधारण ३. ओट एक ग्रॅम किंवा कमी. बदाम अर्धा ग्रॅम. तांदूळ आणि नारळ त्याहूनही कमी. म्हणजे पुरेसं पोषण हवं असेल तर सोया किंवा वाटाणा, एवढीच निवड उरते. बाकीची पेयं चहा-कॉफीत, खिरीत वापरायला छान आहेत. रोज ३५० मिली दिलं तर सोयातून दहा ग्रॅमहून जास्त प्रथिनं जातात, बदामातून पावणेदोन. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज बारा ग्रॅमच्या आसपास असते.

बाजारातल्या बदामाच्या पेयात बदाम किती टक्के, हे घटकांच्या यादीत कंसात लिहिलेलं असतं. दोन ते पाच टक्के दिसेल. रात्री भिजवलेले दहा बदाम सोलून, बारीक वाटून, न गाळता पेलाभर पाण्यात घातले तर अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. डब्यापेक्षा ते बरं, पण त्यात ड आणि बी-१२ नाही. सुकामेव्याची ॲलर्जी नाही याची खात्री मात्र आधी हवी.

तांदळाच्या पेयाबद्दल वेगळी सूचना: तांदूळ जमिनीतलं आर्सेनिक शोषतो. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते दुधाऐवजी देऊ नका असंच सांगतात. भात-पेजेला घाबरायचं कारण नाही, रोजचं मुख्य पेय म्हणून ते नको.

वनस्पतीजन्य पेयांत उष्मांक कमी असतात. गाईच्या दुधात १०० मिलीमागे साधारण ६५ किलोकॅलरी, बिनसाखरेच्या सोयात ४०च्या आसपास. दोन वर्षांखालच्या मुलाची ही तूट साखरेने न भरता तेलाने भरा. वरणभातावर एक चहाचा चमचा शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल घातलं की ४५ किलोकॅलरी मिळतात. जाड नारळाचं दूध भाज्यांत, आमटीत घातलं तरी तेच काम होतं. कोकणात आणि गोव्यात हे वेगळं सांगायला नको.

डबा प्रत्येक वेळी जोरात हलवा. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं की मूल वरचं पाणी पितं आणि कॅल्शियम रिकाम्या डब्याबरोबर कचऱ्यात जातं.

७. घरी सोया दूध करायचं असेल तर

१०० ग्रॅम सोयाबीन आठ ते दहा तास भिजवा. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास येतो. चोळून सालं काढा. ८०० मिली कडकडीत गरम पाणी थोडं थोडं घालत वाटा. गार पाण्यात वाटलं की कच्चट, शेंगेसारखा वास येतो आणि मूल तोंड फिरवतं. गरम पाण्यात तो वास तयार करणारं एन्झाइम निकामी होतं. मिक्सरचं भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका, वाफेने झाकण उडतं. पातळ सुती कापडातून पिळून गाळा.

मग उकळा. इथे फसगत होते: खरी उकळी येण्याच्या बरीच आधी फेस वर चढतो आणि झालं असं वाटून गॅस बंद केला जातो. फेस खाली बसवा, आच कमी करा आणि खरी उकळी आल्यावर १५ ते २० मिनिटं ढवळत उकळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते एवढ्या उष्णतेने जातात. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत वापरा.

यात प्रथिनं दुधाच्या जवळपास येतात, कॅल्शियम मात्र फारच कमी. कॅल्शियमची गोळी कुटून त्यात घालू नका, दूध फाटतं आणि डोसही कळत नाही. दही लावायचं तर विरजण साध्या दह्याचं नको. हिरव्या मिरचीची देठं टाकून लागतं.

८. कॅल्शियम आणि बी-१२ चा हिशोब

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारशीनुसार रोजचं कॅल्शियम: एक ते तीन वर्षं ५०० मिलिग्रॅम, चार ते सहा वर्षं ५५०, सात ते नऊ वर्षं ६५०.

दोन वर्षांच्या मुलाचा दिवस बघा. कॅल्शियम घातलेलं सोया पेय ३५० मिली, म्हणजे ४२० मिलिग्रॅम. २० ग्रॅम नाचणीच्या पिठाची छोटी भाकरी किंवा आंबील (ताकाशिवाय), सुमारे ७० मिलिग्रॅम. गरज जवळपास भागली. हेच पेय घरचं असेल तर पेयातून जेमतेम ८०-९० मिळतात. मग नाचणी, तीळ, पालेभाजी सगळं करूनही तूट राहते आणि सिरप लागतं.

नाचणीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी: १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, पण त्यातलं बरंच सालीत असतं. फडक्यातून गाळलेल्या पांढऱ्याशुभ्र सत्वात ते उरत नाही. सबंध पिठाची भाकरी, आंबोळी जास्त उपयोगी. पांढरे तीळ भरपूर कॅल्शियमचे, एका चहाच्या चमच्यात ३५ ते ४० मिलिग्रॅम. पण अख्खे तीळ तसेच शीतून बाहेर पडतात, कूट करा. तिळाचीही ॲलर्जी असू शकते, पहिल्यांदा चिमूटभरच द्या. शेवग्याचा पाला चांगला. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे अंगी लागत नाही. घरी मासे चालत असतील तर कवचासकट खाल्ले जाणारे सुकट, जवळा (बारीक कोळंबी) हे मोठ्या मुलांसाठी उत्तम, मीठ धुऊन.

सिरप घेताना ‘एलिमेंटल कॅल्शियम’चा आकडा बघा. ६२५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २५० असतं. जेवणासोबत द्या आणि लोहाच्या थेंबांबरोबर एकाच वेळी देऊ नका. ड जीवनसत्त्व पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट, पुढे डॉक्टर सांगतील तसं.

शाकाहारी घरांनी बी-१२ कडे खास लक्ष द्यावं. अंडी-मासे न खाणाऱ्या मुलाला ते फक्त दूध-दह्यातूनच मिळत होतं. दूध गेलं की ते शून्यावर येतं आणि काही महिने काहीच दिसत नाही. पेयात ते घातलेलं नसेल तर थेंब किंवा सिरप लागणारच.

९. लपलेलं दूध

लेबलवर हे शब्द म्हणजे दूध: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, बटर ऑइल, दही पावडर, चीज पावडर, लॅक्टाल्ब्युमिन. आणि हे दूध नव्हे: कोको बटर, लॅक्टिक ॲसिड, क्रीम ऑफ टार्टर. भारतात पाकिटावर ॲलर्जीचे घटक वेगळे लिहावे लागतात, घटकांच्या यादीखाली ‘कंटेन्स’ने सुरू होणारी ओळ शोधा. शाकाहाराचा हिरवा ठिपका दुधाबद्दल काहीच सांगत नाही. व्हीगनचं हिरवं चिन्ह म्हणजे घटकांत दूध नाही. पण त्याच यंत्रावर दुधाचा पदार्थ बनला असेल तर अंश येऊ शकतो. गंभीर ॲलर्जी असेल तर ‘मे कंटेन मिल्क’ही टाळा.

नेहमी फसवणाऱ्या जागा:

- एगलेस केक. अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क किंवा दही असतं.
- ‘नॉन-डेअरी’ व्हिप क्रीम. त्यात बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं.
- पाव, टोस्ट, बिस्किटं, मसाला वेफर्स, मुलांची ताकदीची पावडर.
- उष्टावणाची खीर. कित्येक बाळांना पहिल्यांदा दूध इथेच मिळतं. भाताची पेज आणि गूळ ठेवा.
- तीर्थ म्हणून हातावर येणारं पंचामृत आणि सत्यनारायणाचा शिरा.
- तूप. कढवताना प्रथिनं बरीचशी बेरीत जातात, पण सगळी नाही. सौम्य त्रासात काही मुलांना चालतं, झटका येणाऱ्यांना नको.
- होमिओपॅथीच्या साखरगोळ्या आणि काही कोरडी पावडर असलेले इन्हेलर. लॅक्टोजसोबत दुधाच्या प्रथिनाचा अंश असू शकतो.
- दात मजबूत करायला दंतवैद्य लावतात ती काही क्रीम केसीनपासून बनतात.
- चहाची गाळणी आणि दुधाचं पातेलं. मुलाचं पातेलं, गाळणं, झारा वेगळा ठेवा, त्यावर रंगीत दोरा बांधा.

शाळेत, पाळणाघरात तोंडी सांगून भागत नाही. मुलाचा फोटो, काय द्यायचं नाही, झटका आल्यास काय करायचं आणि दोन फोन नंबर असा एक कागद मराठीत लिहून द्या. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तो वाचता यायला हवा.

१०. नवं दूध सुरू करताना

लगेच होणाऱ्या ॲलर्जीत जुनं फॉर्म्युला-दूध त्याच दिवशी बंद. हळूहळू मिसळून सवय लावणं इथे चालत नाही. तोडलेल्या प्रथिनांचा फॉर्म्युला कडवट लागतो आणि वासही चांगला नसतो. चार महिन्यांच्या आतलं बाळ सहसा घेतं, सहा-आठ महिन्यांचं नाक मुरडतं. काढलेलं आईचं दूध असेल तर त्यात चौथाईपासून वाढवत न्या. थोडं गार दिलं की चव कमी कळते. तुम्ही चाखून बाळासमोर तोंड वाकडं करू नका.

शी हिरवट होईल, ते या फॉर्म्युल्यावर नेहमीचं आहे. दोन ते चार आठवडे द्या आणि रोज बदलू नका. दर चार दिवसांनी नवा डबा आणणाऱ्यांना काय बाधलं आणि काय चाललं, ते कधीच कळत नाही. वजन पहिले तीन महिने दर महिन्याला, एकाच काट्यावर.

एक वर्षावरच्या मुलाला रोज ३०० ते ४०० मिली पुरे. पाऊण लिटर पाजलं की मूल जेवत नाही आणि लोह कमी पडतं. बाटली सोडवून पेला द्यायलाही हीच वेळ बरी.

११. पुन्हा दूध कधी द्यायचं

बहुतेक मुलांची ही ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत जाते, उशिरा होणारी त्याहून लवकर. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून आढावा घ्या. दूध कायमचं वर्ज्य धरून बसलेली मुलं कमी नाहीत.

लगेच होणाऱ्या प्रकारात ही परीक्षा दवाखान्यातच होते. घरी ‘थोडं चाटवून बघू’ करू नका. उशिरा होणाऱ्या, सौम्य प्रकारात डॉक्टर घरी पायऱ्यांनी द्यायला सांगतात: आधी गव्हाच्या पिठात मिसळून ओव्हनमध्ये कडक भाजलेलं बिस्किट, मग केक, मग कमी भाजलेले पदार्थ, मग चीज, दही आणि सगळ्यात शेवटी साधं दूध. पीठ आणि भट्टीची उष्णता दोन्ही मिळून प्रथिनं सौम्य करतात, म्हणून हा क्रम. चहात बुडवलेलं बिस्किट यात मोजायचं नाही.

मूल पूर्ण बरं असताना, सकाळी, घरात दुसरं मोठं माणूस असताना, तुकड्यापासून सुरुवात करा. सर्दी-ताप, जुलाब, नुकतीच घेतलेली लस असेल तर पुढे ढकला. त्याच आठवड्यात दुसरा कुठलाही नवा पदार्थ नको. प्रत्येक पायरीवर तारीख, पदार्थ, किती, किती वाजता आणि पुढच्या तीन दिवसांची शी-त्वचा-झोप लिहा. त्रास झाला तर आधीच्या, चाललेल्या पायरीवर परत या आणि तो पदार्थ देत राहा. पुढची पायरी परत कधी चढायची ते डॉक्टर ठरवतील, बहुतेकदा सहा महिन्यांनी.